जड मी नव्हतोच

मी क्लचचा सिलिंडर बोलतोय. मोटरसायकलच्या डाव्या मुठीला, लिव्हरपाशी बसलेला तो मीच. लिव्हर दाबला की माझ्या पोटातला दट्ट्या तेल ढकलतो. ते नळीतून खाली इंजिनपाशी माझ्या जोडीदाराकडे जातं आणि तो क्लच सोडवतो. नऊ वर्षं मी हे काम बिनबोभाट केलं.

आमच्या बाई जनावरांच्या डॉक्टर. एका अडलेल्या गाईला सोडवताना त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण लिव्हर दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. झालं, लिव्हर जड म्हणून सगळं खापर माझ्यावर! धाकटे दीर तर गाडी विकायलाच निघाले.

गॅरेजमधला मिस्त्री भला माणूस, पण फार उत्साही. लिव्हर हलका व्हावा म्हणून त्याने खाली मोठ्या दट्ट्याचा जोडीदार बसवला. तेवढ्याने भागलं असतं, पण पठ्ठ्याने मलाही काढलं आणि माझ्या जागी बारीक दट्ट्याचा नवा सिलिंडर लावला. मी रॉकेलच्या ट्रेमध्ये, गंजक्या बोल्टांच्या सोबतीला. मग माणसं करतात तेच सगळ्यांनी केलं. बंद गाडीचा लिव्हर दाबून पाहिला आणि माना डोलावल्या. लोण्यासारखा झाला, म्हणे.

बाईंनी गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला. लिव्हर पूर्ण दाबलेला, तरी गाडी उडी मारून टायरांच्या ढिगावर आदळली. आदळणारच. वरचा बारीक, तो तेल कमी ढकलणार. खालचा मोठा, त्याला तेल जास्त लागणार. क्लच पुरता सुटेल कसा? खरं सांगतो, मला आनंद झाला. मग बाईंचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

दीर दारात आडवे उभे राहिले. "वहिनी, आता तरी ऐका. या हाताने गाडी चालवणं होणार नाही."

बाईंनी ट्रेकडे बोट दाखवलं. "मिस्त्री, मी एका वेळी दोन औषधं बदलत नाही. खालचा नवा राहू द्या, वरचा जुना लावा."

मिस्त्रीने कुरकुरत मला पुसलं, बसवलं, नळीतली हवा काढली. बाईंनी गाडी सुरू केली, लिव्हर दाबून गिअर टाकला. क्लच पुरता सुटला, गाडी जागची हलली नाही. त्यांनी लिव्हर दहा वेळा दाबला, डोळे कोरडेच.

"भाऊजी, बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

आज माझा रंग उडालाय, पण रोज गोठ्यागोठ्यांतून फिरतोय. झिजलो की खुशाल काढा, तक्रार नाही. जड म्हणून मात्र हात लावून तर बघा!