ऊब माझी, कौतुक भिंतीचं

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे आणि मी एका भिंतीवर जळतो. तुम्ही म्हणाल, जळणं हे तर हीटरचं कामच. पण हे जळणं निराळं.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी जाळी लखलखत होती. अण्णांनी मला विकत घेतलं आणि आपल्या कामाच्या खोलीत ठेवलं. अण्णा व्हायोलिनं दुरुस्त करतात. थंडीत बोटं आखडली की ते माझ्यासमोर हात धरायचे आणि म्हणायचे, "तू आहेस म्हणून माझं चाललंय." तेव्हा त्या खोलीत माझा काय तोरा होता.

बाहेरच्या बाजूच्या भिंतीला मात्र कायम ओल. दमट दिवसांत व्हायोलिनचे सांधे चिकटवणारा सरस सुटायचा आणि मी तापलो की हवा कोरडी पडून लाकूड आकसायचं. एकदा कुणाचं तरी जिवापाड जपलेलं व्हायोलिन उभं चिरलं. खापर माझ्यावर फुटलं.

अण्णांची लेक घरं बांधते. तिनं ती ओली भिंत पाडली आणि हेम्प नावाच्या झाडाच्या काड्यांचे तुकडे चुन्यात कालवून नवी जाडजूड भिंत उभी केली. शेजारच्या मावशी मुद्दाम हात लावून बघायला आल्या.

"हेम्प म्हणजे भांगच ना गं? टेकलं तर झिंग नाही ना यायची?"

"त्याच जातीचं झाड, मावशी, पण बिननशेचं," लेक हसून म्हणाली. "ही भिंत हवेतली ओल पिऊन घेते आणि हवा कोरडी पडली की परत सोडते."

पिते म्हणे. मी इतकी वर्षं राबलो, मला बघायला कुणी आलं नव्हतं.

मग लेक माझ्याकडे वळली. "अण्णा, हा आता भंगारात देऊन टाकू."

"एवढी थंडी जाऊ दे, मग ठरवू," अण्णा म्हणाले.

तेवढ्या मुदतीवर मी जगत होतो. भिंतीला बुरशी धरावी, तिचे पोपडे पडावेत, असं रोज मनात यायचं. पण मेलीला काही होईना. अण्णा सरस शिजवायचे, किटली वाफा सोडायची, तरी खिडकीच्या काचेला घाम नाही. एकाही व्हायोलिनला चीर नाही. अण्णा कौतुकानं भिंतीवरून हात फिरवायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मग कडाक्याची थंडी पडली. अण्णा सकाळी मला थोडा वेळ लावायचे आणि बंद करायचे. एका दुपारी लेक आली तेव्हा ते भिंतीला पाठ टेकून बसले होते.

"हीटर बंद आहे, तरी खोली बघ कशी उबदार. भिंत झकास केलीस गं."

मला रडू कोसळायचंच बाकी होतं. ऊब माझी आणि कौतुक तिचं.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "सकाळी लावला होतात ना? भिंत ऊब धरून ठेवते, अण्णा, तयार करत नाही. ऊब तयार करायला हा लागणारच."

अण्णा उठले. फडक्यानं माझी धूळ पुसत म्हणाले, "मग भंगारात कशाला? राहू दे की." माझा जीव भांड्यात पडला. आणि अण्णा परत जाऊन भिंतीलाच टेकले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या हीटरची धूळ पुसत जा, त्याची वायर कुरतडलेली नाही ना, ते बघत जा. मला कुणी टेकणार नाही, चटका बसेल, हे मलाही समजतं. निदान समोर तरी बसा.