नुर्झातने ग्राइंडर उघडला

"जळाली मोटर!" आपाने, म्हणजे नुर्झातच्या सासूने, कॉफीचा ग्राइंडर ओट्यावर आदळला. "इतकी वर्षं सुरळीत चालला. तुझा हात लागला आणि संपला."

नुर्झात कणीक मळत होती. लग्न होऊन बिश्केकच्या या घरात आल्यापासून जे काही फुटलं, सांडलं, करपलं ते तिच्याच हातून. पण आजचं तर धडधडीत खोटं होतं. तरुणपणी तालिनला शिकायला गेलेल्या सासूने तिथून कॉफीची चटक आणि हे यंत्र, दोन्ही आणलं होतं. कॉफी दळायची ती तिनेच. दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती.

"मी शिवलेसुद्धा नाही त्याला, आपा."

"मग काय भुताने बिघडवला?"

बूट चढवता चढवता तिलेक, नुर्झातचा नवरा, दारातून ओरडला, "सकाळी सकाळी कशाला डोकं फिरवतेस आईचं? आधीच साखर वाढलीय तिची."

साखर! नुर्झातने कणकेत मूठ हाणली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आपाची साखर फार चढलीय म्हटलं, तेव्हा याच माणसाने भरल्या ताटावर विचारलं होतं, "आईला खायला काय घालतेस तू?" आणि त्याची थोरली बहीण, चोल्पोन एजे, सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमच्या आईला मारायलाच आलीय ही." पहिल्या तपासणीनंतरच नुर्झातने घरातली साखर, जर्दाळूचा मुरंबा, मध, सगळं शेजारणीला देऊन टाकलं होतं.

तिलेक कामावर गेला, आपा खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे गेली. नुर्झातने हात धुतले आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. जळालाय ना? बघूच कुणी जाळलाय ते.

प्लग लावून तिने बटण दाबलं. आतून घूं घूं आवाज आला, पण पातं हललं नाही. तिने लगेच बोट काढलं. म्हणजे मोटर जिवंत होती, पातं कुठेतरी अडकलं होतं. प्लग काढून, फडक्यात धरून तिने पातं फिरवून पाहिलं. ढिम्म. मग बुडाचे स्क्रू काढून तिने मोटरच्या दांड्याचं खालचं टोक घट्ट धरलं आणि वरून पातं पिळलं. ते उलट्या आट्यांचं होतं, हे तळहात सोलवटल्यावर कळलं. उलट पिळल्यावर निघालं.

पात्याखाली, दांड्याभोवती, काचेसारखं पिवळसर कडं बसलं होतं. कॉफीची पूड अशी घट्ट बसत नाही. तिने नखाने कपचा काढून जिभेवर ठेवला.

गोड. खडीसाखर.

ऊन पाण्यात फडकं पिळून ती ते कडं पुसत राहिली, विरघळेपर्यंत. दांडा कोरडा केला, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब खालच्या बाजूला सोडला. पातं परत बसवलं, तर ते बोटानेही फिरू लागलं.

आपा परतली तेव्हा कडं पुसलेलं फडकं टेबलावरच होतं.

"खडीसाखर दळत होतात तुम्ही."

"मी? चिकटली असेल कुठून तरी."

"कुठून? या घरात साखरेचा दाणा नाही." नुर्झातची नजर आपाच्या लग्नातल्या संदुकीकडे गेली. "उघडू?"

"हात लावून तर बघ!" आपा किंचाळली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. ती खुर्चीत बसली. "कडू कॉफी घशाखाली उतरत नाही गं."

"मग प्या की गोड! जीव तुमचा आहे. पण मला का बदनाम केलंत? चोल्पोन एजे मला खुनी म्हणाल्या, आणि तुम्ही समोर बसून सूप पीत होतात!"

आपा उठली, संदुकीतून खडीसाखरेची पिशवी काढून तिने टेबलावर ठेवली.

संध्याकाळी तिलेकने पिशवी पाहिली, सगळं ऐकलं आणि तो खो खो हसला. "चोरून? आपा, तू पण ना, कमाल आहेस!"

नुर्झातने हातातली वाटी आपटली. "हसू नकोस. चोल्पोन एजेला फोन लाव."

"आत्ता? सांगेन उद्या."

"मला चारचौघांत बोललास तेव्हा उद्यापर्यंत थांबला होतास का? लाव."

तिलेकने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली. फोन लावून तो गॅलरीकडे सरकू लागला, तशी आपाच म्हणाली, "इथेच बस. आम्हालाही ऐकू दे."

तो बसला. "एजे... ते आपाच्या साखरेचं... नुर्झातची काही चूक नव्हती. आपाच खात होती... हो, चोरून... मीसुद्धा उगाच बोललो तिला." त्याचे कान लालबुंद झाले होते. थोडं ऐकून त्याने फोन नुर्झातपुढे धरला. "तुला द्यायला सांगतेय."

"सांग, कामात आहे," नुर्झात म्हणाली, आणि तिने नळ मोठा सोडला.