शेवटच्या ओळीपर्यंत

नऊ वर्षांनी दादा माझ्या दुकानाची पायरी चढला. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद होता आणि मी आधी त्या कागदाकडे पाहिलं, भावाकडे नंतर. दुकान वडिलांच्या हातचं. त्यामुळे कागद वाटणीचाच असणार हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

मी चष्मेवाला आहे. या धंद्यात माणसावर विश्वास ठेवून चालत नाही. म्हातारे स्वच्छ दिसतं म्हणून थापा मारतात आणि नवी फ्रेम हवी असली की पोरींना फळ्यावरचं काही दिसत नाही. माझ्या बायकोच्या मते मात्र धंद्याचा यात काही दोष नाही, मी मुळातच ताक फुंकून पिणारा. दुधाने तोंड कधी पोळलं हे तिने विचारलं नाही, कारण तिला माहीत होतं.

आई दादाकडे राहायची. एका सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर पाणी सांडलेलं होतं. दादा त्याच पायरीवरून बाहेर गेला, मागून आई आली आणि पडली. आठ दिवसांत गेली. पाणी मला दिसलंच नाही, एवढंच दादा म्हणत राहिला.

आमच्या चर्चच्या मंडळीत भांडण घरात ठेवत नाहीत, उपासनेनंतर सगळ्यांसमोर मांडतात. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की आई पडली त्याच आठवड्यात मी स्वतः याचे डोळे तपासलेत. वाचायच्या कार्डावरची शेवटची ओळ, मुंगीएवढी अक्षरं, याने न अडखळता वाचली. अशा माणसाला हातभर पाणी दिसत नाही? दिसलं होतं, पुसायचा आळस केला आणि वर खोटं बोलतोय. चष्मेवाल्याच्या साक्षीपुढे कोण काय बोलणार? रविवारी मुलांना शास्त्र शिकवायचं काम दादाकडून काढून घेतलं. तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रभुभोजनाचं ताट फिरलं की भाकर न घेता पुढे द्यायचा.

मी घेत होतो. आमच्याकडे भाकर मोडण्याआधी सगळे मिळून शास्त्रातला एक उतारा म्हणतात, वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याचा. लहानपणापासून म्हणून म्हणून तो इतका तोंडात बसलाय, की झोपेतून उठवलं तरी म्हणू. वडिलांनी वाचायच्या कार्डावर हाच उतारा छापून घेतला होता, वरची ओळ मोठी आणि पुढे लहान लहान होत गेलेली. डोळे तपासता तपासता दोन चांगले शब्दही माणसाच्या कानावर पडावेत, असा त्यांचा काटकसरी हिशोब. माझ्या लेखी उताऱ्याचा अर्थ सरळ होता: ज्याने केलं त्याने यावं. मी केलं नव्हतं, मी वाट पाहत होतो.

आणि आता तो आला होता. समेटासाठी असता तर आधी बोलला असता. तो खुर्ची चाचपून बसला, म्हणाला, जरा डोळे बघ. बायकोने आतून डोकावून भाऊजींना चहा टाकू का विचारलं. मी नको म्हणालो, तिने टाकला.

मी त्याच्यासमोर टेबलापलीकडे बसलो आणि कार्ड पुढे सरकवलं. त्याने ते उचललं, हातात फिरवून टेबलावर नीट आडवं धरलं आणि म्हणायला लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. घडाघडा. माझ्या मनात पाल चुकचुकली. डोळे इतके ठणठणीत असताना हा आलाय कशाला? नक्कीच पाणी कुठेतरी मुरत होतं. कुठेतरी चुकेल म्हणून मी शब्दाशब्दावर नजर ठेवून त्याच्याबरोबर वाचू लागलो.

पाचव्या ओळीला मला कळलं की मी वाचतोय. समोर बसून. अक्षरं मला सरळ दिसत होती, म्हणजे कार्ड त्याच्या बाजूने उलटं होतं.

तो म्हणतच होता. शेवटची ओळही त्याने एका दमात म्हटली आणि कार्ड खाली ठेवलं.

त्याच्याबरोबर वाचताना आणखी एक गोष्ट झाली होती. चाळीस वर्षं म्हटलेला तो उतारा मी पहिल्यांदाच बघत बघत वाचला होता, आणि त्यात माझ्या मनातलं वाक्य नव्हतंच. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर त्याची वाट बघ, असं तिथे कुठेही नव्हतं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर तू ऊठ, तू जा, असं होतं.

दादाने खिशातला कागद काढला. मी तेव्हाही हात पुढे केला नाही, इतका मी हलकट. त्याने तो चाचपत टेबलावर ठेवला.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलाय," तो म्हणाला. "शेजाऱ्याने वाचून दाखवला, पण त्याला त्यातलं काय कळतंय. तू वाच."

मी वाचला. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग. कडेचं थोडं दिसतं, मधलं जवळजवळ गेलेलं. दुखणं निदान दहा वर्षांचं जुनं असावं. मी ते मोठ्याने वाचायला लागलो आणि दहा वर्षांपाशी थांबलो.

दादा म्हणाला, "त्या वेळीही मी तुला फसवलं नव्हतं रे. पहिला मोठा शब्द दिसला की पुढचं तोंडातून आपोआप यायचं. मलाही वाटायचं, मी वाचतोय."

त्या दिवशी त्याला फक्त वाचायचा चष्मा हवा होता, म्हणून मी दूरचा तक्ता लावलाच नव्हता. या कार्डावर भरवसा ठेवून मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलं. मला माझी इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"तू आलास कशाला?" मी विचारलं. अजूनही विचारलं.

"कार्ड बदल हे सांगायला. आपली सगळी मंडळी तुझ्याकडेच येते, आणि सगळ्यांना हे पाठ आहे."

एवढं बोलून त्याने चहा प्यायला, कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला आणि भिंतीला हात लावत निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही. माफी माग, एवढे दोनच शब्द मनात होते, पण नऊ वर्षांची माझी साक्ष आड आली. बायकोने बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. मी तिला कार्ड उलटं धरून वाचायला दिलं. तिनेही शेवटपर्यंत म्हणून दाखवलं आणि विचारलं, यात काय विशेष?

रविवारी मी मागे वळून पाहिलं. शेवटचा बाक रिकामा होता. सगळ्यांनी उतारा म्हटला, मी ओठ हलवले नाहीत. ताट माझ्यापर्यंत आलं तसा मी उभा राहिलो. नऊ वर्षांपूर्वी इथे दिलेली साक्ष खोटी होती, माझा भाऊ खरं बोलत होता, असं मी मोठ्याने सांगितलं. पाळक काही म्हणायच्या आत ताट बायकोच्या हातात दिलं आणि भाकर न घेता बाहेर पडलो.

दादाचं दार वाजवताना वाटलं, आता हा काय मागेल? आयुष्यभराची सवय, लगेच कुठे जाते.

दार उघडलं. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, पण त्याला चेहरा दिसत नव्हता.

"कोण?"

नुसतं मी म्हटलं असतं तरी त्याने आवाज ओळखला असता आणि आत घेतलं असतं. तेवढ्यावर भागलंही असतं.

"पाणी तुला दिसलं होतं, असं सगळ्यांना सांगणारा," मी म्हणालो.

तो दारातून एका बाजूला सरकला आणि म्हणाला, "पायरी जपून."