पाठीत वाजणारा ठक्

मी एक छोटा ट्रक बोलतोय. बोलतोय म्हणायचं आपलं. मला शब्द एकच येतो, तोही म्हातारपणी शिकलो. ठक्. मागच्या डाव्या चाकाच्या वर, पाठीत, हाडावर हाड आपटावं तसा. हा एवढा एक शब्द माणसांना कळेपर्यंत जीव कसा टांगणीला लागला होता, ते सांगतो. मला घाई नाही, तुम्हीही करू नका.

रंगाने मी पांढरा. जपानच्या शिकोकू बेटावर, किनाऱ्याला डोंगर जिथे सरळ समुद्रात उतरतात, तिथे दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत आणि पायरीपायरीवर संत्र्याची झाडं. त्यातली एक बाग इवाओची. कारखान्यातून निघालो तो त्याच्या अंगणात येऊन थांबलो. दुसरा मालक मी पाहिलाच नाही. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने, फुसाएने, माझ्या चारी चाकांवर तांदळाची दारू शिंपडली, चिमूटभर मीठ टाकलं आणि हात जोडून म्हणाली, "आमच्या माणसाची नीट ने-आण कर, राजा." माझ्यापुढे कुणी हात जोडले ते तेव्हाच. ते शब्द मी मनावर घेतले.

मुली झाल्यापासून ती दोघं एकमेकांना 'बाबा' आणि 'आई' म्हणतात. मुली लग्न होऊन ओसाकाला गेल्या, हाका तेवढ्या घरात राहिल्या.

काही गाड्या आपल्या हालअपेष्टा सांगतात. माझी तशी तक्रार नाही. इवाओने मला जपलं, उलट जरा जास्तच जपलं. संध्याकाळी शेवटची खेप झाली की तो मला धुवायचा. वर्षाच्या अखेरीला घराची झाडलोट होते तेव्हा माझ्या पोटाखाली शिरून तिथल्या सगळ्या लोखंडाला काळा रंग फासायचा, गंज धरू नये म्हणून. मग नव्या वर्षाचा शकुन म्हणून नाकावर गवताच्या दोरीचा तुरा आणि त्यात पानासकट एक संत्रं. नवरदेवच दिसायचो. त्या काळ्या रंगाखाली काय झाकलं जातंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

माझ्या मागच्या चाकांवर पाटे आहेत. एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पात्यांची गड्डी. सगळं ओझं तीच पेलते. त्यातलं वरचं मोठं पातं डाव्या बाजूला, गड्डी आवळून धरणाऱ्या पट्टीच्या आत, तडकलं. रिकामा असलो की तड मिटलेली. संत्र्यांच्या पेट्या चढल्या की ती उघडायची, आणि उतारावर ब्रेक लागला की दोन्ही कडा एकमेकींवर आपटायच्या.

फुसाएने तो आवाज ऐकला तोडणीच्या दिवसांत, भरल्या गाडीत.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

"मागे ठक् झालं काहीतरी."

"पेटी सरकली असेल."

"दोरी मी आवळलीय. माझी दोरी कधी सुटलीय?"

"मग तुझे दात वाजले असतील."

"दात घरी डबीत आहेत माझे," ती म्हणाली. "तुमचे कान कुठल्या डबीत ठेवलेत तेवढं सांगा."

तो हसला आणि रेडिओ मोठा केला. पण ती ऐकून सोडणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने छाटणीच्या कात्र्या गोणपाटात गुंडाळल्या. तरी ठक्. जॅक काढून मांडीवर घेऊन बसली. तरी ठक्. जादा चाक घरी ठेवलं, मागची फळी सुतळीने बांधली. तरी ठक्.

शेवटी इवाओ मला बंदरावरच्या कुरामोतोच्या गॅरेजात घेऊन गेला. नेण्याआधी काय केलं म्हणाल? पेट्या उतरवल्या. मला धुतलं, पोटाखालचा चिखलसुद्धा खरवडून काढला. स्वतः धुतलेला सदरा घातला. चिखलाची, भरलेली गाडी दुसऱ्याच्या दारात उभी करायची म्हणजे त्या माणसाचा अपमान, असं इकडे सगळेच मानतात. त्यात वाईट काही नाही. फक्त माझा तो एक शब्द इवाओने पेट्यांबरोबर घरीच उतरवून ठेवला होता.

कुरामोतोने मला वर उचललं. चाकं लोंबकळली, तड आणखीच घट्ट मिटली. त्याने मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, हलवून पाहिला, नट आवळले, समुद्राकाठच्या रस्त्यावर एक फेरी मारून आणली. मी गप्प. जीव तोडून वाजायचा प्रयत्न केला, पण पाठीवर काही नसताना वाजणार कसा?

"इवाओ-सान, गाडी तर ठणठणीत आहे."

"बघ आई, ठणठणीत म्हणाले," इवाओने घरी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेट्या चढल्या. ठक्.

परत धुणं, परत रिकामा, परत बंदर. या वेळी कुरामोतोने मागचे शॉकअप बदलले, अंदाजाने. मी परत गप्प. आणि परत पेट्या चढल्यावर ठक्. तिसऱ्यांदा जायला इवाओ तयार होईना. "त्या माणसाच्या कामाचा किती खोळंबा करायचा? तोडणी संपू दे."

एक गोष्ट मला आणखी दिसत होती. भरलेली टोपली पाठीवर घेऊन बांधाच्या पायऱ्या चढताना इवाओ मध्येच थांबायचा. माझ्या फळीला धरून, फुसाएकडे पाठ करून उभा राहायचा. त्याचा श्वास कुठेतरी अडकायचा, त्याची धडधड माझ्या पत्र्यातून आत यायची. फुसाए जवळ आली की दोरी तपासत असल्यासारखं करायचा. बंदरावरच्या डॉक्टरीणबाईंकडे तो आंघोळ करून, दाढी करून, स्वच्छ सदऱ्यात जायचा. बाकावर बसून श्वास शांत व्हायचा आणि मग आत. "कसं वाटतंय?" "उत्तम." तपासलं तर सगळं उत्तमच निघायचं.

आम्ही दोघेही रिकामे असताना ठणठणीत होतो.

त्या दिवशी गाडी शिगोशीग भरली होती. रस्ता माझ्या अंगापेक्षा हातभर रुंद, एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली समुद्र. रस्त्याकडेला लहान दगडी देव बसवलाय, त्या वळणाअगोदर इवाओने ब्रेक दाबला आणि माझ्या पाठीत ठक् झालं नाही. कर्रकन् झालं, मग ठाक्. डावी बाजू खाली बसली, मागचं चाक किंचित तिरकं झालं. माझं नाक आपोआप समुद्राकडे वळायला लागलं.

"थांबवा," फुसाए म्हणाली.

"वळण होऊ दे, मग—"

"थांबवा म्हणते ना!"

त्याने स्टिअरिंग बांधाकडे ओढलं. माझा गाल दगडावर घासला आणि मी थांबलो. ती उडी मारून उतरली, बांधातले सुटे दगड काढून चारी चाकांपुढे लावले आणि कुरामोतोला फोन केला. "आहे तशी दाखवायचीय. तुम्हीच वर या."

कुरामोतो येतोय म्हटल्यावर इवाओ खाली उतरला आणि पहिल्या पेटीला हात घातला.

"हे काय करताय?"

"उतरवतो. माणूस या घाणीत आडवा होणार का? थोडा चिखल तरी—"

फुसाए चाकावर पाय ठेवून वर चढली आणि पेट्यांवर मांडी घालून बसली. "आता उतरवा. आधी मला उतरवा."

"आई, लोक बघतील."

"बघू देत. दोनदा आंघोळ घालून नेलंत तिला. मेली तिथे जाऊन लाजते! आज तिला पारोशीच दाखवायची."

कुरामोतो आला. त्याने माझ्या सांगाड्याखाली दोन्हीकडे लाकडाचे ठोकळे रचले, म्हणजे मी बसलोच तर त्याच्यावर बसणार नाही. वर मात्र बोटभर जागा ठेवली, ओझं पाट्यावरच राहावं म्हणून. मग गोणपाट अंथरून आत शिरला.

"फुसाए-सान, वरच बसा. इवाओ-सान, हँडब्रेक हळू सोडा आणि लगेच धरा. केसभर."

माझा पाटा त्याच्या तोंडासमोर होता. त्याची बोटं पात्यांवरून चालत होती, एकेक करून. इवाओने ब्रेक सोडला, धरला. ठक्. बोटं थांबली.

"परत."

आता काय करावं मला कळेना. वाजलो नाही तर हा माणूस 'ठणठणीत' म्हणून बाहेर येईल आणि ती दोघं मला घेऊन पुढच्या वळणावर जातील. जोरात वाजलो तर पातं तुटेल, आणि त्याची बोटं पात्यातच होती. राहिलेल्या बोटभर लोखंडाने मी सगळं ओझं धरलं. संत्री, फुसाए, सगळं. आणि हळू, अगदी हळू, तड उघडली.

ठक्.

"अयाई!"

"काय झालं?" इवाओ ओरडला.

"धरून ठेवा! सोडू नका!" मग आतून आवाज आला, "सापडलं. माझा हातमोजा चावलाय हिने."

बोट वाचलं, हातमोज्याचं टोक तेवढं तडीत राहिलं. काळ्या रंगाचा एक पोपडा निघाला होता आणि त्याखाली गंजाची लाल रेघ, जवळजवळ आरपार.

"हा रंग कुणी फासला?" बाहेर येत कुरामोतोने विचारलं.

"मी," इवाओ म्हणाला. "दर वर्षी."

"फार छान फासलाय. मलाही फसवलं." त्याने वळणाकडे बघितलं, मग खाली समुद्राकडे.

इवाओ रस्त्यावरच बसला. छातीवर हात होता, आणि या वेळी पाठ फिरवायला त्याच्यात बळ नव्हतं. फुसाए पेट्यांवरून बघत होती.

"तुझे दात नव्हते तर," तो म्हणाला.

ती हसली नाही. खाली उतरून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पट्टीच्या आत तड शोधावी तसा. "हे कधीपासून?"

"टोपली असली की होतं. उतरवली की जातं."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"तिथे गेल्यावर होत नाही ना."

ती कुरामोतोकडे वळली. "तुमच्या गाडीतून आम्हाला सोडाल? आत्ता. असेच."

"आई, सदरा तरी—"

"सदरा नाही, दाढी नाही. तो चिखलसुद्धा पुसायचा नाही."

ती दोघं गेली. मी त्या वळणावर दगड टेकवून, संत्री पाठीवर घेऊन उभा राहिलो. तशी वाट मी जन्मात कधी पाहिली नव्हती. खाली समुद्र चकाकत होता, वर मधूनच एक घार ओरडायची. अंधार पडायच्या आत कुरामोतो एकटाच परत आला. पेट्या आपल्या गाडीत घेताना फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हो, शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसाच आणलात म्हणून दुखणं कळलं."

आता माझ्या पाठीत दुसऱ्या एका थकलेल्या गाडीचा पाटा आहे. ती भंगारात गेली, तिचा तो भाग माझ्यात चालतो. इवाओ परत आलाय, टोपली मात्र उचलत नाही. नाकावर या वर्षीही गवताची दोरी आणि संत्रं आहे, पण पोटाखाली रंग नाही. फुसाएने ब्रश लपवून ठेवलाय.

तुम्हाला एवढंच सांगतो. घरातलं कुणी कुरकुरत असेल, गाडी असो की माणूस, तर त्याला ओझ्यासकट न्या दाखवायला. धुऊनपुसून नेलंत तर ते लाजून गप्प बसतं.

आता मला फुसाए चालवते. इवाओ बाजूला बसतो, गियर चुकला म्हणून बडबडतो. दगडी देवाचं वळण जवळ आलं की ती रेडिओ बंद करते. "गप्प बसा जरा, बाबा," म्हणते. मग एक कान माझ्या पाठीकडे, एक कान त्याच्या श्वासाकडे लावून ती आम्हा दोघांना सावकाश खाली नेते.