किडक्या पानाचा जग

मित्रांनो, मी एक जुना, कोरीव काचेचा पाण्याचा जग आहे. माझी गोष्ट जरा अदबीनं ऐका. येईल त्यानं मला टिचकी मारावी आणि "वाजतो कसा बघू!" म्हणावं, याचा मला मनापासून वीट आला आहे.

माझा जन्म भट्टीतला. एका कारागिरानं लांब नळीतून फुंकर घातली आणि मी फुगलो. बुडावर कारखान्याची पुसट खूण उमटली. मग मला पेंढ्यात गुंडाळून दूरच्या गावी एका नक्षीकाराकडे पाठवलं. फिरत्या तांब्याच्या चकतीवर ते मला खालून दाबून धरायचे आणि माझ्या पोटावर वेल कोरायचे. गुदगुल्या व्हायच्या, पण हलायची सोय नव्हती! वेल पुरा झाला, तेव्हा मला विकायचं सोडून ते घरीच घेऊन आले.

त्यांची मुलगी माई लहान असतानाच ते गेले. अवजारं गेली, कामाची शेड गेली. मी तेवढा घरात उरलो, पाणी भरायला. "हा बाबांच्या हातचा असावा," एवढंच माई म्हणायची. त्या 'असावा'नं माझा जीव कासावीस व्हायचा. तोंड असून बोलता येत नाही, याहून मोठं दुःख कोणतं? वर्षानुवर्षांच्या पाण्यानं माझ्यावर पांढरी पुटं चढली आणि वेल दिसेनासा झाला.

परवा माईनं घर बदलायला काढलं. सामान भरायला तिचा भाचा आला. मला उचलून म्हणाला, "माईआत्या, हा साच्यातला बाजारू माल आहे गं. देऊन टाक."

साच्यातला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्याकडे बाबांचं दुसरं काही नाही रे," माई म्हणाली. "एकदा दाखवून तरी येऊ. नसला त्यांचा, तर मी हट्ट सोडीन."

मग मला जुन्या काचेची पारख करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी आधी मला व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यानं अंघोळ घातली आणि माझी पांढरी पुटं उतरली. किती दिवसांनी! मग नक्षीवरून बोट फिरवलं. "कडा धारदार आहेत. साच्यातल्या कडा बोथट लागतात." भाच्यानं मान खाली घातली. बाईंनी बूड पाहिलं. "ओरखडे बारीक आहेत, वाटेल तसे गेलेत. म्हणजे वापरून झालेत, कुणी मुद्दाम घासलेलं नाही." मग तिरपा उजेड टाकला आणि थबकल्या. "ही खूण तर दूरच्या कारखान्याची. जुनी आहे, पण तुमच्या वडिलांची नव्हे."

माईचा चेहरा पडला. "मग राहू दे," ती म्हणाली आणि पिशवी उघडू लागली. अहो बाई, जरा थांबा ना! मी मनातल्या मनात ओरडलो.

"थांबा, माई," बाई म्हणाल्या. "खूण फुंकणाऱ्याची असते. कोरणारा वेगळा असू शकतो." त्यांनी भिंग माझ्या कानाखाली नेलं. हसू नका, जगाच्या मुठीलाच कान म्हणतात! "इथं एका पानाला भोक आहे. हात घसरला असेल बहुतेक."

"घसरला?" माई ताडकन उठली. "मला दाखवा!"

भिंगाला डोळा लावला आणि तिला रडू फुटलं. "बाबांचंच! दर वेलावर एक पान किडीनं खाल्लेलं कोरायचे. दुकानदार ओरडायचे, गिऱ्हाईक परत करतं म्हणून. बाबा म्हणायचे, बिनकिडीचा वेल दाखवा, मग तसा कोरतो!"

बाई खळखळून हसल्या. "असं पान दुसऱ्या कुणाचं मी पाहिलं नाही. शिवाय ही खूण त्यांच्याच काळातली. आता 'असावा' म्हणू नका. 'आहे' म्हणा."

नव्या घरी माईनं मला पाण्यानं भरून टेबलावर ठेवलं.

"अगं, फुटेल ना!" भाचा म्हणाला.

"बाबांनी पाणी प्यायला कोरलाय. नीट धर, म्हणजे झालं."

त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच म्हणाला, "आजोबांना मी कधी पाहिलंच नाही."

"मग इथं अंगठा ठेव," माई म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला बाजारू म्हणण्याआधी तिला स्वच्छ धुवा, उजेडात धरा, तिच्यावरून बोट फिरवा. भाच्याचा अंगठा त्या पानावर बराच वेळ होता. पाणी ओतायचं तो विसरूनच गेला.