जावयासाठी राखलेला गारवा

वच्छलाच्या नवऱ्यानं, उदयसिंहानं, गाडी घेतल्यापासून एसी लावला तो फक्त जावई आला की. चांगल्या कपबशा कपाटात राखाव्यात तसा ह्या बाबानं गारवा राखला होता. मोहोळहून सोलापूरला येताना भर वैशाखात वच्छला पदरानं वारा घेत म्हणायची, "अवो, जरा लावा की." त्याचं उत्तर ठरलेलं, "आपल्याला कशाला? आपुन घरचीच मान्सं."

यंदा जावई गाडीत बसला आणि एसी भट्टीसारख्या झळा मारायला लागला. उदयसिंहाचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून सांगितलं, "काका, ह्याचं ऑइल गॅससंगंच फिरतंय. एसी बंदच ठेवला की आतली रबरं कोरडी पडत्यात आन् गॅस निसटतो. आठवड्याला धा मिनिटं तरी चालवायलाच पायजे, अगदी हिवाळ्यातबी."

"म्हंजे मला गारव्यात बसवली असती, तर ह्यो टिकला असता," वच्छला म्हणाली.

गाडी दुरुस्त होऊन आली. पुढच्या रविवारी उदयसिंहानं ती अंगणात चालू केली, काचा वर घेतल्या, एसी लावला आणि स्वतः बाहेर उभा राहिला. गच्चीवर पापड वाळत घालून वच्छला घामानं निथळत खाली आली. तिनं गाडीच्या दाराला हात घातला.

"थांब!" तो खेकसला. "शिटा घामट हुतील. मिस्त्रीला इचारलंय मी, आत मानूस बसायची गरज न्हाय."