थोरल्याची हनुवटी

थोरल्याचा एकही धड फोटो घरात नव्हता. जे होते त्यांत तो कुणाच्या तरी खांद्याआडून जीभ काढून दाखवत होता, आणि भर चौकात जीभ काढलेला हुतात्मा उभा करणं नव्या सरकारला काही परवडण्यासारखं नव्हतं. राजधानीशी वर्षानुवर्षं भांडून या मुलखाने आपला कारभार नुकताच आपल्या हाती घेतला होता. पहिला ठराव पुतळ्याचा झाला. शाळांची छपरं, नळाचं पाणी वगैरे किरकोळ गोष्टी मागाहून. मोर्चावर गोळीबार झाला त्यात थोरला गेला होता, म्हणून पुतळाही त्याचाच.

मूर्तिकाराने तोडगा काढला : धाकटा अगदी थोरल्याच्या तोंडवळ्याचा, त्यालाच समोर बसवा. धाकटा पोलिसांत होता. त्या दिवशी तो राजधानीच्या हुकमाने बंदूक घेऊन रांगेत उभा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता त्याच्या टोपीवरचा बिल्ला तेवढा बदलला होता. मूर्तिकार बाहेरून आलेला, त्याच्या हे गावीही नव्हतं.

आईला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिने धाकट्याकडे पाहिलं नव्हतं. एकाच घरात राहून ती त्याचं ताट वाढायची, ते दाराकडे तोंड करून. पुतळ्याचं कळल्यावर तिने शेजारणीकरवी निरोप दिला, ‘जा म्हणावं त्याला.’ धाकटा भिंतीपलीकडेच होता, त्याला ऐकू आलं. तरी शेजारीण येऊन सांगेपर्यंत तो थांबला.

तेव्हापासून ड्युटी सुटली की तो मूर्तिकाराच्या शेडमध्ये उंच स्टुलावर बसे. पाय अधांतरी लटकून बधिर होत. बाकीचा तो आधीपासूनच बधिर होता. आपली गोळी कुठे गेली हे त्याला माहीत नव्हतं. रडू येत नव्हतं, झोप मात्र वेळेवर येत होती, आणि त्याची त्याला लाजही वाटेनाशी झाली होती.

शेवटच्या दिवशी मातीचा चेहरा पसंत करायला आईला बोलावलं. ती सरळ मातीसमोर जाऊन उभी राहिली.

“मेल्यासारखा दिसतोय,” ती म्हणाली.

मूर्तिकार वरमला. धाकट्याकडे वळून म्हणाला, “अहो साहेब, जरा जीव आणा की! समोर बंदुका आहेत असं समजा. तुमचा भाऊ कसा बघत असेल?”

समजायची गरज नव्हती. धाकट्याने पाहिलं होतं. त्याची हनुवटी हळूच वर गेली, डावी भुवई किंचित उचलली गेली.

“वा! काय मस्ती आहे!” मूर्तिकाराचे हात भराभर मातीवर चालू लागले. “याला म्हणतात राजधानीला आव्हान!”

आईने मान वळवली आणि धाकट्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

“हे आव्हान नाही,” ती म्हणाली. “रस्त्याच्या पलीकडे हा दिसला की तो असं करायचा. लहानपणापासून.”

मूर्तिकाराचे हात थांबले. आई स्टुलाजवळ आली.

“तुला बघितलं त्याने?”

“हो.”

“ओळखलं?”

“हो.”

“मग?”

“मग गोळीबाराचा हुकूम आला.”

मूर्तिकाराने चाचरत विचारलं, “आई, बदलू का मग?”

“नको. राहू दे.” ती मातीकडे बघत म्हणाली, “लोकांना काय समजायचं ते समजू दे.” मग धाकट्याकडे वळली. “उतर आता. पायांना मुंग्या आल्या असतील.”

तो उतरला. पाय जमिनीला टेकले, पण त्याला काही ते कळलं नाही.